परवाची फाईल परत मिळेल का? व्हर्च्युअल मशीनचा बॅकअप लावताना, सोलापूरच्या कारखान्यातून

अक्कलकोट रोड एमआयडीसीत किंवा चिंचोळीत कुठल्याही चादरी-टॉवेलच्या कारखान्याचा सर्व्हर सांभाळणाऱ्याला विचारा. "अख्खा सर्व्हर परत उभा करून द्या" असा फोन त्याला क्वचितच येतो. येतो तो असा: "परवाच्या डिस्पॅचची एक्सेल कुणीतरी ओव्हरराईट केली हो." "जॅकार्डच्या डिझाइनचं फोल्डरच दिसेना." "टॅली एरर देतंय, कालचा डेटा आहे का?" मागणी फाईलची असते. बॅकअप मात्र बहुतेक ठिकाणी अख्ख्या मशीनचा लावलेला असतो, आणि त्यातून एक फाईल काढायची कशी हे लावणाऱ्यालाही सांगता येत नाही.

म्हणून हा लेख उलट्या बाजूने लिहिला आहे. परत काय मागितलं जाईल ते आधी, बॅकअपची सेटिंग नंतर.

उदाहरणासाठी प्रॉक्समॉक्स व्हीई (एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने बनवलेले स्वतंत्र संगणक, चालवणारं सॉफ्टवेअर) आणि त्याच्या जोडीचा प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर घेतला आहे. दोन्ही मुक्तस्रोत आहेत, लायसन्सचे पैसे पडत नाहीत (पैसे सपोर्ट आणि एंटरप्राइझ रिपॉझिटरीचे), आणि ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर ही याच प्रकारचं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी घेतल्यापासून छोट्या कारखान्यांत याच जोडीची चौकशी वाढलेली दिसते. मेनूंची नावं आठव्या आवृत्तीप्रमाणे दिली आहेत. तुमच्याकडे आधीपासून वीम हे बॅकअप सॉफ्टवेअर चालू असेल तर ते सोडायची गरज नाही. त्याची मोफत आवृत्ती १० मशीनपर्यंत चालते, आणि खालचा बराचसा विचार तिथेही तसाच लागू पडतो.

समजा एक सर्व्हर आहे आणि त्यावर तीन व्हर्च्युअल मशीन (व्हीएम). पहिली विंडोजची, टॅली आणि बिलिंगची, १२० जीबी. दुसरी फाईल सर्व्हर: डिझाइनं, एक्सेल, एक्स्पोर्टची कागदपत्रं, ८०० जीबी. तिसरी लिनक्सची, हजेरीच्या सॉफ्टवेअरची, ६० जीबी. डिस्कचा आकार ९८० जीबी असला तरी प्रत्यक्ष भरलेला डेटा ५०० जीबी धरू.

आधी कागदावर

प्रत्येक व्हीएमसमोर तीन गोष्टी लिहा. यातलं काय परत मागितलं जाईल? किती जुनं? आणि किती वेळात? उत्तरं मालकांकडून आणि अकाउंट्सच्या माणसाकडून घ्या, स्वतःच्या डोक्याने भरू नका. डिझायनरला दोन वर्षांपूर्वीचं डिझाइन लागू शकतं, कारण जुन्या गिऱ्हाईकाची रिपीट ऑर्डर येते. अकाउंटंटला कालचं लागतं, पण आजच्या आज. हजेरीच्या मशीनचा पगाराच्या आठवड्याखेरीज कुणी जीव खात नाही.

"किती जुनं" याला कायद्याचीही बाजू आहे. कंपनी कायद्याखाली हिशेबाची पुस्तकं आठ वर्षं जपावी लागतात, आणि २०२२ च्या नियमदुरुस्तीनंतर इलेक्ट्रॉनिक पुस्तकांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवणं कंपन्यांना बंधनकारक आहे. भागीदारी फर्म असली तरी जीएसटीचे रेकॉर्ड वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. हे आकडे पुढे प्रूनच्या, म्हणजे जुने बॅकअप काढून टाकण्याच्या, सेटिंगमध्ये उपयोगी पडतील.

बॅकअपचं यंत्र आणि त्याची जागा

बॅकअप सर्व्हर वेगळ्या यंत्रावर हवा. त्याच सर्व्हरवर आणखी एक व्हीएम बनवून, त्याच डिस्कवर बॅकअप ठेवायचा म्हणजे घराची दुसरी किल्ली घरातच ठेवून कुलूप लावणं. चार कोअरचा जुना डेस्कटॉप, ८ जीबी रॅम आणि ४ टीबीच्या दोन डिस्क झेडएफएस मिररमध्ये (दोन्हींवर तोच डेटा, एक गेली तरी दुसरी उरते), एवढ्यावर वरच्या उदाहरणाचं भागतं.

४ टीबी कशाला? हिशेब सोपा आहे. हा सर्व्हर व्हीएमची डिस्क ४ एमबीच्या तुकड्यांत तोडतो, प्रत्येक तुकड्याची ओळख एसएचए-२५६ ने (मजकुरावरून काढलेला ठशासारखा आकडा) ठरवतो, आणि आधीच साठवलेला तुकडा पुन्हा साठवत नाही. म्हणजे पहिल्यांदा ५०० जीबी, त्यानंतर रोज बदललेलं तेवढंच. रोज ५ जीबी बदल धरला आणि वर्षभरात एकही तुकडा काढला नाही तरी भर पडते सुमारे १.८ टीबीची. प्रून चालू असल्यावर त्याहून कमी. तीन-चार वर्षं निर्धास्त जातात.

एसएसडी मिळाली तर घ्या. साध्या हार्ड डिस्कवर बॅकअप आणि रिस्टोअर चालतं, पण गार्बेज कलेक्शनला (नको झालेले तुकडे पुसण्याच्या कामाला) लाखो छोट्या फाईलींना हात लावावा लागतो आणि तिथे हार्ड डिस्क रेंगाळते.

जागेबद्दल थोडं जास्तच बोलतो. यंत्र मागाच्या शेडला लागून ठेवू नका. कापसाचे तंतू पंख्यात आणि हीटसिंकमध्ये नमद्यासारखे बसतात. एप्रिल-मे मध्ये बाहेर ४४ अंश असताना ऑफिसचा एसी संध्याकाळी बंद होतो आणि बंद खोलीत यंत्र रात्रभर शिजतं. बहुतेक हार्ड डिस्कची कमाल मर्यादा ६० अंशांच्या आसपास असते, तिथवर पोचायला वेळ लागत नाही. झडप उघडी असलेली, शेडपासून लांबची खोली आणि महिन्यातून एकदा ब्लोअर, एवढं करा.

आणि मेन स्विच! संध्याकाळी ऑफिस बंद करताना वॉचमन मेन पाडतो, ही सवय इथल्या कितीतरी ऑफिसांत आहे. बॅकअप रात्री दोनला लावलेला असतो आणि रात्री दोनला यंत्रच बंद असतं. दोन्ही सर्व्हरना स्वतंत्र एमसीबी द्या, त्यावर मराठीत "हे बंद करू नका" असं चिकटवा, आणि मधे यूपीएस ठेवा. हे जमणारच नसेल तर बॅकअप कामाच्या वेळेत लावायचा. त्याबद्दल पुढे सांगतो.

बॅकअप सर्व्हरवर करायचं काम

आयएसओवरून (इन्स्टॉलेशनच्या डिस्क-फाईलवरून) इन्स्टॉल केल्यावर ब्राउझरमध्ये त्याच्या पत्त्यावर ८००७ या पोर्टला जा. (प्रॉक्समॉक्स व्हीईचं पोर्ट ८००६; दोन टॅब शेजारी उघडे असतात तेव्हा कुठे काय करतोय याकडे लक्ष असू द्या.)

'अ‍ॅडमिनिस्ट्रेशन' खाली 'स्टोरेज / डिस्क्स' मध्ये झेडएफएस मिरर बनवा आणि त्यावर डेटास्टोअर, म्हणजे बॅकअप साठवायची जागा. तो तयार होताना आत ६५,५३६ उपफोल्डर बनतात, त्यामुळे संथ डिस्कवर थोडा वेळ लागला तर घाबरू नका.

आता मुख्य भाग: परवानग्या. रॅन्समवेअर (फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) आलं की ते आधी बॅकअप शोधतं. म्हणून प्रॉक्समॉक्स व्हीईला बॅकअप सर्व्हरचा रूट पासवर्ड कधीही देऊ नका. 'कॉन्फिगरेशन' मधल्या 'अ‍ॅक्सेस कंट्रोल' मध्ये एक नवा युजर बनवा, त्याच्या नावाने एपीआय टोकन (पासवर्डऐवजी प्रोग्रॅमला द्यायची वेगळी ओळख) काढा. टोकनचं सीक्रेट एकदाच दिसतं, तिथेच टिपून घ्या. मग डेटास्टोअरच्या 'परमिशन्स' टॅबमध्ये 'डेटास्टोअर बॅकअप' ही भूमिका द्या. या भूमिकेला आपले बॅकअप घालता येतात, परत काढता येतात, पण पुसता येत नाहीत. म्हणजे मुख्य सर्व्हर कुणाच्या हाती गेला तरी त्याच्यावरून जुने बॅकअप उडवता येणार नाहीत.

इथे हमखास अडकायला होतं. टोकनला परवानगी दिली आणि तरी "परवानगी नाही" असा एरर येतो. कारण टोकनची परवानगी युजरच्या परवानगीपेक्षा जास्त असू शकत नाही. दोघांनाही तीच भूमिका द्यावी लागते, एकदा युजर परमिशन म्हणून, एकदा टोकन परमिशन म्हणून. दुसरी अडचण काही महिन्यांनी येते: कुणी नवं टोकन बनवतो आणि बॅकअप मालकी जुळत नाही म्हणून थांबतो. प्रत्येक बॅकअप गटाला मालक असतो. नव्या टोकनकडे मालकी डेटास्टोअरच्या 'कंटेंट' टॅबमधून बदलून द्यायची.

हे यंत्र विंडोज डोमेनमध्ये (सगळ्या संगणकांच्या सामायिक लॉगिन व्यवस्थेत) घालू नका, आणि पासवर्ड बाकी कशाचाही नसेल असा ठेवा.

प्रॉक्समॉक्स व्हीईला जोडणी

'डेटासेंटर', 'स्टोरेज', 'अ‍ॅड', 'प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर'. पत्ता, डेटास्टोअरचं नाव, युजरच्या जागी टोकनचं पूर्ण नाव (युजर, रिअल्म आणि उद्गारचिन्हानंतर टोकन), पासवर्डच्या जागी ते सीक्रेट. फिंगरप्रिंट (सर्व्हर खरा तोच आहे हे ओळखायची अक्षरं) बॅकअप सर्व्हरच्या डॅशबोर्डवर 'शो फिंगरप्रिंट' मध्ये मिळतो, तो चिकटवा.

त्याच खिडकीत 'एन्क्रिप्शन' टॅब आहे. बॅकअपची दुसरी प्रत कारखान्याबाहेर, कुणाच्या घरी किंवा दुकानात जाणार असेल तर किल्ली बनवाच. डेटा इथेच कुलूपबंद होऊन बाहेर पडतो, पलीकडच्या यंत्राला आत काय आहे ते वाचता येत नाही. पण किल्ली हरवली तर ते बॅकअप कुणालाही उघडता येणार नाहीत, बनवणाऱ्या कंपनीलाही नाही. किल्ली सेव्ह करताना 'प्रिंट' चा पर्याय येतो. कागदावर छापा, मालकांच्या लॉकरमध्ये ठेवा. फक्त सर्व्हरवर ठेवलेली किल्ली सर्व्हर जळाल्यावर काय कामाची?

व्हीएमच्या आतली तयारी

या भागाला बहुतेक जण हात लावत नाहीत, आणि टॅली-एसक्यूएलचे डेटाबेस बिघडलेले निघतात ते इथूनच.

चालू मशीनचा बॅकअप म्हणजे अचानक लाईट गेली तेव्हाच्या डिस्कची प्रत. ती बहुतेक वेळा उघडते. बहुतेक वेळा. ते पक्कं करायचं तर व्हीएमच्या आत क्यूईएमयू गेस्ट एजंट हवा, म्हणजे आतून प्रॉक्समॉक्सशी बोलणारा छोटा प्रोग्रॅम. लिनक्समध्ये तो त्याच नावाच्या पॅकेजने येतो, विंडोजमध्ये व्हर्टआयओ ड्रायव्हरच्या आयएसओमधून. मग प्रॉक्समॉक्समध्ये व्हीएमच्या 'ऑप्शन्स' मध्ये 'क्यूईएमयू गेस्ट एजंट' चालू करा आणि व्हीएम पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा. आतून रीस्टार्ट दिल्याने ही सेटिंग लागू होत नाही. झालं की व्हीएमच्या 'समरी' पानावर आयपी पत्ता दिसू लागतो, तीच खूण. आता बॅकअप सुरू होताना एजंट फाईल सिस्टीम क्षणभर गोठवतो, विंडोजमध्ये व्हीएसएसला (विंडोजची स्नॅपशॉट सेवा) कळवतो, आणि मग सोडतो.

बिलिंगचं सॉफ्टवेअर एसक्यूएल सर्व्हरवर असेल तर एवढ्यावर थांबू नका. बॅकअपच्या अर्धा तास आधी डेटाबेसचा स्वतःचा फुल बॅकअप, ती बीएके फाईल, त्याच डिस्कवरच्या एका फोल्डरमध्ये पडू द्या. एक्सप्रेस आवृत्तीत एसक्यूएल सर्व्हर एजंट नसतो, तेव्हा विंडोजच्या टास्क शेड्युलरवर काम द्या. हे दुहेरी वाटतं, पण उद्या कुणी कालचा डेटाबेस मागितला की अख्खी व्हीएम न उठवता एक फाईल काढून देता येते.

टॅलीचंही तसंच. तिचा डेटा फोल्डर उघडून बघा. प्रत्येक कंपनीचं आकड्यांच्या नावाचं एक फोल्डर असतं. कुठला आकडा कुठल्या कंपनीचा, हे अकाउंट्सच्या माणसाबरोबर बसून लिहून ठेवा. जीव टांगणीला लागलेला असताना शोधत बसण्याची ती गोष्ट नाही.

शेवटी व्हीएमच्या 'हार्डवेअर' मध्ये प्रत्येक डिस्क उघडून 'बॅकअप' ची खूण आहे ना ते पाहा. जागा वाचवायला कधीतरी कुणी ती काढलेली असते आणि मोठी डिझाइनची डिस्क वर्षभर बॅकअपबाहेर राहते. कामाचा रिपोर्ट मात्र रोज हिरवा.

जॉब लावणे

'डेटासेंटर', 'बॅकअप', 'अ‍ॅड'. स्टोरेजमध्ये मघाचं निवडा. 'सिलेक्शन मोड' मध्ये 'ऑल' ठेवणं मला बरं वाटतं, म्हणजे उद्या नवी व्हीएम बनवली तर ती आपोआप येते. 'मोड' स्नॅपशॉट, व्हीएम बंद करावी लागत नाही. 'रिटेन्शन' मध्ये 'कीप ऑल', कारण जुने काढायचं काम बॅकअप सर्व्हर स्वतः करणार आहे. टोकनला पुसायची परवानगी नाहीच.

वेळ. सर्व्हर रात्रभर चालू राहत असेल तर रात्री ९ आणि दुपारी दीड, अशा दोन वेळा. दुपारच्या बॅकअपचं ऐकून लोक दचकतात, कामात अडथळा येईल म्हणून. खरं तर व्हीएम चालू राहिली की क्यूईएमयू (व्हीएम चालवणारा प्रोग्रॅम) बदललेल्या भागांची नोंद, डर्टी बिटमॅप, मेमरीत ठेवत असतं. दुसऱ्या बॅकअपला फक्त तेवढेच भाग वाचावे लागतात. दोन-तीन जीबीचं काम जेवणाच्या सुट्टीत उरकतं, आणि "सकाळी भरलेली एक्सेल दुपारी उडाली" या फोनला उत्तर मिळतं.

मात्र व्हीएम बंद झाली की ती नोंद पुसली जाते. पुढचा बॅकअप अख्खी डिस्क वाचतो (पाठवतो बदललेलं तेवढंच, पण वाचतो सगळं). रोज रात्री मेन पाडणाऱ्या ऑफिसात म्हणून दिवसाचा पहिला बॅकअप कायम लांबतो. तिथे पहिला बॅकअप जेवणाच्या वेळी आणि दुसरा संध्याकाळी सातला ठेवा, आणि 'रिपीट मिस्ड' ची खूण करा, म्हणजे चुकलेला जॉब यंत्र सुरू झाल्यावर धावेल. वॉचमनला वेळ सांगून ठेवा.

बॅकअप चालू असताना टॅली अडखळते अशी तक्रार आली तर जॉबच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' टॅबमध्ये 'फ्लीसिंग' पाहा, ते ८.२ पासून आहे. व्हीएमला एखाद्या अजून कॉपी न झालेल्या भागावर लिहायचं असेल, तर तिथला जुना मजकूर आधी बॅकअपकडे जावा लागतो, आणि बॅकअप सर्व्हर संथ असला की व्हीएम थांबते. फ्लीसिंगमध्ये तो जुना मजकूर तात्पुरता सर्व्हरच्या स्वतःच्या वेगवान डिस्कवर जातो. त्या स्टोरेजमध्ये मोकळी जागा मात्र हवी.

नोटिफिकेशन ईमेलवर लावा. फक्त फेल झाल्यावर मेल यावा असं ठेवलं तर मेल न येण्याचे दोन अर्थ होतात: सगळं ठीक आहे, किंवा यंत्रच बंद आहे. मी रोजचा मेल घेण्याच्या बाजूचा आहे.

किती ठेवायचे: प्रून, आणि ३१ मार्चची गोम

बॅकअप सर्व्हरवर डेटास्टोअरच्या 'प्रून अँड जीसी' टॅबमध्ये प्रून जॉब बनवा. वरच्या कारखान्याला मी असं लावीन: लास्ट ४, डेली १४, वीकली ८, मंथली १२, इयरली ८. नियम असा की प्रत्येक कालखंडातला सर्वांत शेवटचा बॅकअप राहतो, आणि आधीच्या पर्यायाने धरलेले बॅकअप पुढचा पर्याय मोजत नाही.

आता गोम. 'इयरली' म्हणजे कॅलेंडरचं वर्ष. राहणार तो ३१ डिसेंबरच्या आसपासचा बॅकअप, ज्याचं तुमच्या सीएला काडीचं काम नाही. ३१ मार्चचा बॅकअप मंथलीत काही काळ राहील आणि वर्ष-सव्वा वर्षात गळून जाईल. म्हणून ३१ मार्चच्या रात्रीचा, आणि ऑडिट पूर्ण होऊन शेवटच्या एन्ट्री पडल्यावरचा, असे दोन बॅकअप हाताने 'प्रोटेक्टेड' करा. प्रून त्यांना हात लावत नाही. सोबत नोटमध्ये "ऑडिटनंतर, आर्थिक वर्ष अमुक" असं लिहून ठेवा, आठ वर्षांनी शोधणारा माणूस दुसराच असेल.

प्रूनने जागा लगेच मोकळी होत नाही. प्रून फक्त यादीतून नाव काढतं. तुकडे पुसायचं काम गार्बेज कलेक्शनचं, आणि तेही शेवटच्या वापराला २४ तास ५ मिनिटं झाल्याशिवाय तुकडा काढत नाही. डिस्क गच्च भरल्यावर घाईघाईने प्रून करून "जागा का सुटेना" म्हणून कपाळाला हात लावायची वेळ येते ती यामुळे. ८० टक्के भरली की हालचाल करा.

गार्बेज कलेक्शन रोज, व्हेरिफाय आठवड्यातून एकदा. व्हेरिफाय साठवलेले तुकडे पुन्हा वाचून त्यांचा चेकसम (एसएचए-२५६ चा आकडा) जुळवतं. कुजत चाललेली डिस्क इथेच पकडली जाते.

दुसरी प्रत गावातच, पण दुसरीकडे

आग, चोरी, विजेचा मोठा झटका, यांपैकी काही झालं तर दोन्ही यंत्रं एकाच शेडमध्ये असणं उपयोगाचं नाही. कारखाना एमआयडीसीत आणि दुकान नवी पेठेत किंवा घर जुळे सोलापुरात असेल तर तिथे दुसरा बॅकअप सर्व्हर ठेवा.

पहिली प्रत मात्र लाईनवरून पाठवू नका. २० एमबीपीएस अपलोडवर ५०० जीबीला सलग ५५ तास लागतात. दुसरं यंत्र कारखान्यात आणा, लॅनवर सिंक करा आणि मग रिक्षात घालून न्या. पुढे रोजचे ५ जीबी त्याच लाईनवर अर्ध्या-पाऊण तासात जातात.

सिंक जॉब 'पुल' ठेवा, म्हणजे दुकानातलं यंत्र कारखान्यातून ओढून घेतं. कारखान्यातल्या यंत्राकडे दुकानाचा पासवर्डच नसतो, त्यामुळे इथे कुणी घुसला तरी तिथे पोचत नाही. मधला रस्ता वायरगार्डसारख्या व्हीपीएनचा. राऊटरवर ८००७ पोर्ट इंटरनेटला उघडं टाकू नका. 'रिमूव्ह व्हॅनिश्ड' ची खूण करू नका, नाहीतर इथे पुसलेलं तिथेही पुसलं जाईल.

व्हीएमच्या बॅकअपमध्ये प्रॉक्समॉक्सची स्वतःची कॉन्फिगरेशन येत नाही. ईटीसी खालचं पीव्हीई फोल्डर आणि नेटवर्कची फाईल यांची प्रत वेगळी घेऊन ठेवा.

फाईल परत काढताना

फोन आला. "परवाची एक्सेल." आधी तीन गोष्टी विचारा: फाईल कुठल्या फोल्डरमध्ये होती, शेवटची चांगली कधी पाहिली, आणि आता त्या नावाची फाईल तिथे आहे का. शेवटचं उत्तर "हो" असेल तर तिला हात लावू नका म्हणून सांगा.

प्रॉक्समॉक्स व्हीईमध्ये ती व्हीएम निवडा, 'बॅकअप' टॅब, वर स्टोरेजमध्ये बॅकअप सर्व्हर. यादीतून बिघाडाच्या आधीची वेळ निवडा आणि 'फाईल रिस्टोअर' दाबा. डिस्कची नावं दिसतात, आत पार्टिशन, आत फोल्डर. पहिल्या क्लिकला काही सेकंद लागतात, कारण मागे एक चिमुकली व्हीएम सुरू होऊन ती डिस्क फक्त वाचण्यासाठी जोडते. तुमच्या चालू व्हीएमला काही होत नाही. फाईल निवडून 'डाऊनलोड' करा. फोल्डर असेल तर झिप मिळते.

फाईल तुमच्या ब्राउझरच्या संगणकावर उतरते, सर्व्हरवर आपोआप जागेवर जात नाही. हे मला सोयीचंच वाटतं. तिचं नाव "परत काढलेली" असं काहीतरी ठेवून मूळ फाईलशेजारी टाका, ज्याने मागितली त्याला उघडून बघू द्या, मगच जुनी काढा. विंडोजच्या परवानग्या झिपसोबत येत नाहीत, ज्या फोल्डरमध्ये टाकाल त्याच्या लागतात. पगारपत्रकाचं फोल्डर परत काढत असाल तर शेअर सगळ्यांना खुला नाही ना ते तपासा.

टॅलीसाठी एकटी-दुकटी फाईल काढू नका. कंपनीचं आकड्यांचं फोल्डर पूर्ण काढा, वेगळ्या ठिकाणी ठेवा, आणि टॅलीत तो वेगळा मार्ग देऊन कंपनी उघडा. अकाउंटंटने शेवटची व्हाउचर तपासल्यावरच मूळ जागी आणा, तेव्हा बाकी सगळ्यांना टॅलीतून बाहेर काढा.

नेमका बिघाड कधी झाला ते माहीत नसेल तर मधला बॅकअप उघडा. तिथे चांगली असेल तर पुढच्या निम्म्यात शोधा, नसेल तर मागच्या. चौदा दिवसांत चौथ्या फेरीला तारीख सापडते.

फाईल रिस्टोअर कधी चालत नाही? डिस्कवर बिटलॉकर असेल तर आतलं दिसणार नाही. विंडोजचं स्टोरेज स्पेसेस किंवा एनटीएफएसचं डीडुप्लिकेशन वापरलं असेल तरही हात टेकावे लागतात. काही लाख फाईलींचं फोल्डर एकदम मागितलं तर ब्राउझर दमतो. अशा वेळी अख्खी व्हीएम वेगळ्या आयडीने परत काढून आत शिरायचं. आणि बॅकअप या सर्व्हरवर नसून साध्या एनएएसवर (नेटवर्कला जोडलेल्या डिस्कच्या डब्यावर) व्हीएमए फाईलच्या, म्हणजे प्रॉक्समॉक्सच्या साध्या एकसंध बॅकअप फाईलच्या, रूपात असेल, तर हे बटण कामाचं नाही. या जोडणीचा खटाटोप करायचं निम्मं कारण हेच.

अख्खी व्हीएम परत काढताना, आणि त्याची तालीम

'रिस्टोअर' बटण दोन ठिकाणी आहे आणि फरक महागात पडतो. व्हीएमच्या स्वतःच्या 'बॅकअप' टॅबमधून केलं तर चालू व्हीएमवरच लिहिलं जातं, आत्ताचा डेटा जातो. डावीकडच्या झाडातून स्टोरेज निवडून तिथल्या यादीतून केलं तर नवा आयडी देता येतो. नेहमी दुसऱ्या वाटेने जा. 'युनिक' ची खूण करा म्हणजे नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता नवा मिळतो, आणि 'स्टार्ट आफ्टर रिस्टोअर' ची खूण करू नका. सुरू करण्याआधी 'हार्डवेअर' मध्ये नेटवर्क कार्ड उघडून 'डिस्कनेक्ट' करा. नाहीतर एकाच आयपीचे दोन टॅली सर्व्हर नेटवर्कवर येतात आणि निम्म्या एन्ट्री भलतीकडे पडतात.

वेळ किती लागेल? एक गिगाबिटच्या लॅनवर सेकंदाला ११० एमबीच्या आसपास मिळतात, म्हणजे ८०० जीबी भरलेली डिस्क परत यायला उत्तम परिस्थितीत दोन तास. तेवढं थांबणं शक्य नसेल तर 'लाइव्ह रिस्टोअर' आहे: व्हीएम लगेच सुरू होते, लागेल तो भाग आधी येतो, बाकीचा मागून. पण मधेच लाईट गेली किंवा नेटवर्क तुटलं तर त्या काळात आत लिहिलेलं सगळं जातं. यूपीएसची बॅटरी धड नसलेल्या ठिकाणी मी त्याच्या वाटेला जाणार नाही.

तालीम तीन महिन्यांतून एकदा, शनिवारी दुपारी. अकाउंट्सच्या माणसाला सोबत बसवा. टॅलीची व्हीएम नव्या आयडीने काढा, नेटवर्क तोडलेलं ठेवून सुरू करा, कन्सोलमधून कंपनी उघडा आणि त्यालाच शेवटचं व्हाउचर सांगायला सांगा. मग फाईल सर्व्हरवरून एक जुनं डिझाइन काढून डिझायनरला जॅकार्डच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायला द्या. दोन्हींना लागलेला वेळ वहीत लिहा. पुढच्या वेळी मालक फोनवर "किती वेळ लागेल?" म्हणाले की आकडा तयार असतो. वर्षातून एक तालीम दुकानातल्या दुसऱ्या प्रतीवरून, लॉकरमधली छापील किल्ली काढून करा. किल्लीवरची अक्षरं वाचता येतात का तेही त्यात कळतं.

काम झालं की तालमीची व्हीएम त्याच दिवशी काढून टाका. जॉब 'ऑल' वर आहे, त्यामुळे ती राहिली तर रात्री तिचाही बॅकअप होतो. काढताना प्रॉक्समॉक्स आयडी टाइप करायला सांगतं. तो आठवणीने न टाकता झाडातलं नाव पुन्हा वाचून टाका. बॅकअप सर्व्हरवरच्या मूळ प्रती त्याने हलत नाहीत.